मौन म्हणजे संमती? इंग्लंडच्या अवयवदान कायद्याबद्दल

तुम्ही इंग्लंडमध्ये राहत असाल, वय अठरा किंवा जास्त असेल आणि इथे येऊन बारा महिने उलटले असतील, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही अवयवदान करायला तयार आहात. तुम्ही फॉर्म भरला नसेल, तुम्हाला कोणी विचारलंही नसेल, तरीही. 20 मे 2020 पासून इथला कायदा असंच धरून चालतो. तुम्ही 'नाही' असं कुठे नोंदवलेलं नसेल, तर तुमचं उत्तर 'हो' आहे.

या विषयावरच्या एपिसोडचं रेकॉर्डिंग संपलं तेव्हा आम्ही तिघांनी एकमेकांना सहज विचारलं: तुमच्या घरी माहीत आहे का, की तुम्हाला काय हवंय? दोन तास या कायद्यावर बोलून झालं होतं आमचं. तिघांपैकी एकानेही घरी सांगितलेलं नव्हतं. मी रजिस्टरवर नाव घातलंय, पण आईला पत्ता नाही. हा लेख त्या शांततेतून सुरू होतो.

'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन आपण मराठीत सर्रास वापरतो. आपल्या आज्यांच्या काळात ते बघण्याच्या कार्यक्रमात कामाला यायचं. मुलगी मान खाली घालून बसली, काही बोलली नाही, म्हणजे स्थळ पसंत. आज हे ऐकलं की आपल्याला राग येतो, कारण ती गप्प का होती हे कोणी विचारलंच नाही. मग 2019 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने तेच तत्त्व कायद्यात लिहिलं, त्याला गृहीत संमती असं नाव दिलं, तेव्हा आपल्याला ते पुरोगामी का वाटलं?

आधीच सांगते, मी या कायद्याच्या हेतूच्या विरोधात नाही. हॅरोमध्ये माझ्या मैत्रिणीचे वडील डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार-चार तास. काका त्याला 'माझी सोमवार-बुधवार-शुक्रवारची ड्युटी' म्हणतात. त्यांना लवकरात लवकर किडनी मिळावी असं मला मनापासून वाटतं. माझी तक्रार अशी आहे की हा कायदा मौनाला संमती म्हणतो, आणि ऐन वेळी स्वतःच त्या संमतीवर विश्वास ठेवत नाही. तो भार तो दुसऱ्याच कोणाच्या तरी डोक्यावर टाकतो. आपल्या बाबतीत ते 'दुसरं कोणी' बहुतेक वेळा सात हजार किलोमीटर लांब असतं.

आधी संमती आली, मग गृहीत संमती

ही गोष्ट उलट्या टोकापासून सुरू होते. 1999 मध्ये लिव्हरपूलच्या ॲल्डर हे या मुलांच्या हॉस्पिटलमधली एक गोष्ट उघडकीला आली. तिथे दगावलेल्या मुलांचे अवयव शवविच्छेदनानंतर काढून वर्षानुवर्षं ठेवून घेतले गेले होते आणि आईवडिलांना त्याची कल्पनाही नव्हती. काहींनी आपल्या बाळाचा अंत्यविधी केला होता, आणि मग त्यांना कळलं की पुरलं ते सगळं बाळ नव्हतंच. 2001 मध्ये रेडफर्न अहवाल आला. त्या संतापातून 2004 चा ह्यूमन टिश्यू ॲक्ट जन्मला. त्याचा कणा एकाच शब्दाचा होता: संमती. न विचारता काही घ्यायचं नाही.

म्हणजे बघा, न विचारता अवयव ठेवून घेतले म्हणून जो कायदा झाला, त्याच कायद्यात पंधरा वर्षांनी दुरुस्ती करून 'न विचारताही संमती आहे असं समजावं' हे कलम घातलं गेलं.

मधल्या काळात काय झालं ते महत्त्वाचं आहे. 2008 च्या जानेवारीत तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी ऑप्ट-आउटची बाजू उघडपणे घेतली. सरकारने नेमलेल्या ऑर्गन डोनेशन टास्कफोर्सने त्या वर्षी दोन अहवाल दिले. पहिल्यात सांगितलं की हॉस्पिटलांमधली व्यवस्था सुधारा: प्रशिक्षित स्पेशालिस्ट नर्स नेमा, प्रत्येक हॉस्पिटलमध्ये या कामाची जबाबदारी एका डॉक्टरवर द्या, अवयव काढायला जाणाऱ्या टीम नीट बांधा. दुसऱ्या अहवालात, सगळा पुरावा तपासून, ऑप्ट-आउट कायदा आत्ता आणू नका असं सांगितलं. डॉक्टरांवरचा विश्वास डळमळेल, आणि आकडा वाढेलच असा भरवसा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारने पहिला अहवाल राबवला. पाच वर्षांत, 2013 पर्यंत, मृत्यूनंतर अवयव देणाऱ्यांची संख्या 50 टक्क्यांनी वाढली. कायद्याचा एक शब्दही न बदलता.

तरीही कायदा बदलला. वेल्सने 2013 मध्ये कायदा केला आणि 1 डिसेंबर 2015 पासून लागू केला. इंग्लंडचा कायदा 2019 मध्ये झाला. लोक त्याला मॅक्स आणि कीराचा कायदा म्हणतात. अपघातात गेलेली नऊ वर्षांची कीरा बॉल आणि तिचं हृदय मिळालेला मॅक्स जॉन्सन यांच्या नावावरून. 2021 मध्ये स्कॉटलंड, 2023 मध्ये उत्तर आयर्लंड. आता अख्ख्या ब्रिटनमध्ये ऑप्ट-आउट आहे. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. कीरा नऊ वर्षांची होती. अठराच्या खालच्यांना हा कायदा लागूच होत नाही. तिचे अवयव देण्याचा निर्णय तिच्या वडिलांनी घेतला, तोंडाने. ज्या गोष्टीवरून कायद्याला नाव मिळालं, त्या गोष्टीत मौन कुठेच नाही.

ती छोटी खोली

आता प्रत्यक्षात काय होतं ते पाहू. ब्रिटनमध्ये शंभर माणसं गेली, तर त्यातल्या साधारण एकाचाच मृत्यू अवयव देता येतील अशा परिस्थितीत होतो. म्हणजे आयसीयूत, व्हेंटिलेटरवर. ब्रेन हॅमरेज, अपघात, हृदय बंद पडून मेंदूला ऑक्सिजन न मिळणं. बहुतेक वेळा अचानक. काल संध्याकाळपर्यंत माणूस धडधाकट होता.

आयसीयूच्या बाजूला एक छोटी खोली असते. दोन सोफे, टिश्यूचा डबा. तिथे नातेवाइकांना सांगितलं जातं की आता काही करता येणार नाही. त्यानंतर स्पेशालिस्ट नर्स येते. तिने रजिस्टर आधीच पाहिलेलं असतं. नाव 'हो'मध्ये असेल तर ती तसं सांगते. 'नाही'मध्ये असेल तर विषय संपला. आणि काहीच नसेल, तर कायद्याने संमती गृहीत आहे, पण ती नातेवाइकांना विचारते: तुमच्या माणसाला काय वाटायचं?

इथे कायदा स्वतःचा हात सोडतो. नातेवाइकांनी अशी काही माहिती दिली, की जिच्यावरून कोणाही समजूतदार माणसाला वाटेल 'त्याला हे नको होतं', तर गृहीत संमती बाद होते. हे ठीकच आहे. पण त्यापलीकडेही, घरच्यांनी ठाम नकार दिला तर डॉक्टर पुढे जात नाहीत. संमती असली तर अवयव घेण्याची परवानगी आहे, सक्ती नाही, असा नियम आहे. दुःखात बुडालेल्या कुटुंबाच्या अंगावर कायद्याचा कागद टाकून अवयव काढणारी व्यवस्था कोणालाच नकोय. मलाही नको.

मग प्रश्न असा की शेवटी निर्णय त्या खोलीतच होणार असेल, तर कायद्याने बदललं काय?

आकडे बघा. कायदा येण्याआधी, 2019-20 मध्ये, ब्रिटनमध्ये विचारलेल्या कुटुंबांपैकी 68 टक्के 'हो' म्हणाली. 2023-24 मध्ये 61 टक्के. वाढ सोडाच, घट झाली. सरकारने कायदा आणताना 2023 पर्यंत वर्षाला 700 जादा प्रत्यारोपणं होतील अशी आशा दाखवली होती. 2024 च्या मार्चअखेर सात हजारांहून जास्त लोक वेटिंग लिस्टवर होते.

त्याहून बोलका एक फरक आहे. माणसाने स्वतः 'हो' असं नोंदवलेलं असेल, तर दहातली नऊ कुटुंबं मान्य करतात. फक्त गृहीत संमती असेल, तर जेमतेम निम्मी. त्या खोलीतल्या लोकांना मौन हे संमतीसारखं वाटत नाही, ते मौनासारखंच वाटतं. 'तो कधी बोललाच नाही' या वाक्यापुढे प्रत्येक जण आपली भीती ठेवतो. चुकलो तर? आणि अशा वेळी 'नाही' म्हणणं सोपं असतं, कारण 'नाही'मध्ये निदान काही करावं लागत नाही.

कायद्याने आणखी एक गोष्ट केली, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. त्याने 'नाही' म्हणायच्या अधिकृत जागेकडे लोकांचं लक्ष वेधलं. लाखो लोकांनी ती वापरली. तो त्यांचा हक्कच आहे. पण त्यातले किती जण पूर्ण विचार करून 'नाही' म्हणाले आणि किती जण 'सरकार न विचारता घेणार' या बातमीने बिचकून? न विचारता धरून चाललं की माणूस आधी हात आखडतो. ॲल्डर हेची आठवण असलेल्या देशात तर नक्कीच.

कायद्याच्या बाजूने

निष्पक्षपणे दुसरी बाजूही मांडायला हवी. पहिली गोष्ट, इंग्लंडचा कायदा कोविडच्या ऐन लाटेत लागू झाला. आयसीयू भरलेले, नातेवाइकांना आत प्रवेश नाही, प्रचाराचे पैसे आणि लक्ष दुसरीकडे. त्या काळातल्या घसरणीचं सगळं खापर कायद्यावर फोडणं बरोबर नाही.

दुसरी गोष्ट वेल्स. तिथे कायदा आल्यावर होकाराचं प्रमाण खरंच वाढलं आणि 2018-19 मध्ये 75 टक्क्यांच्या वर गेलं. कायद्याचे समर्थक हे उदाहरण देतात, आणि ते खोटं नाही. पण वेल्सने कायदा पास झाल्यावर दोन वर्षांहून जास्त वेळ घेतला आणि त्या काळात लोकांना 'घरी बोला' हे पुन्हा पुन्हा सांगितलं. कायद्याने तिथे बोलायला निमित्त दिलं. निमित्त जुनं झालं तसा आकडाही टिकला नाही. म्हणजे वेल्समध्ये जे चाललं ते मौन नव्हे, बोलणं.

तिसरं उदाहरण सगळे देतात ते स्पेनचं. स्पेनमध्ये 1979 पासून गृहीत संमतीचा कायदा आहे आणि 2023 मध्ये तिथे दर दहा लाख लोकसंख्येमागे 48.9 जणांनी मृत्यूनंतर अवयव दिले. ब्रिटनचा आकडा त्याच्या निम्म्याहून कमी. पण कायदा आल्यावर पहिली दहा वर्षं स्पेनमध्येही विशेष काही घडलं नाही. 1989 मध्ये आकडा 14 च्या आसपास होता. त्या वर्षी ओएनटी ही राष्ट्रीय संस्था सुरू झाली, राफाएल मातेसान्स तिचे प्रमुख झाले. प्रत्येक हॉस्पिटलमध्ये एक कोऑर्डिनेटर नेमला, बहुतेक वेळा तिथल्याच आयसीयूतला डॉक्टर, आणि त्याला कुटुंबाशी बोलायचं कसब शिकवलं. स्पेनमध्ये गृहीत संमती कागदावर आहे. कुटुंबाला नेहमी विचारलं जातं. मातेसान्स स्वतः वर्षानुवर्षं सांगत आले की आमच्या यशाचं कारण तो कायदा नाही.

थोडक्यात, ब्रिटनने स्पेनकडून कागद उचलला. माणसं आधीच 2008 च्या अहवालानंतर मिळाली होती, आणि आकडा वाढला तो त्यांच्यामुळे.

आपण या कायद्यात कुठे बसतो?

आता तुमच्या-माझ्याबद्दल. कारण हा कायदा लिहिताना जो 'सामान्य नागरिक' डोळ्यांपुढे होता, तो आपण नाही.

तुम्ही मास्टर्ससाठी सप्टेंबरमध्ये आला असाल, तर पुढच्या सप्टेंबरपर्यंत गृहीत संमती तुम्हाला लागूच नाही. तोपर्यंत तुमची स्वतःची नोंद असेल तर ती, नाहीतर सगळा निर्णय तुमच्या जवळच्या नातेवाइकांचा. बारा महिने झाले तरी त्या खोलीत विचारणार नातेवाइकांनाच. कायद्यात त्यांची क्रमवारी दिलेली आहे. आधी नवरा, बायको किंवा जोडीदार. मग आईवडील किंवा मुलं. मग भाऊ-बहीण, आजी-आजोबा, भाचे-पुतणे, सावत्र आईवडील. आणि सगळ्यात शेवटी, खूप जुना मित्र.

तुमचा फ्लॅटमेट, ज्याच्याबरोबर तुम्ही रात्री दोन वाजता मॅगी खात आयुष्यावर बोलता, ज्याला तुमचं मन खरोखर माहीत आहे, तो यादीत तळाला आहे. वर आहेत ते नाशिकचे किंवा सांगलीचे आईबाबा. म्हणजे पहाटे कधीतरी फोन वाजणार. त्यांना आधी इंग्रजीतून किंवा दुभाष्याकडून कळणार की मुलगा गेला, आणि त्याच दिवशी विचारलं जाणार, 'त्याला काय वाटायचं?' त्यांच्या मनात काय येईल? वर्तमानपत्रात वाचलेल्या किडनी रॅकेटच्या बातम्या. परदेशातले डॉक्टर लवकर मशीन बंद तर करत नाहीत ना. बॉडी घरी येईल ना, तोंड बघायला मिळेल ना. ही भीती अडाणीपणाची नाही. भारतात कायदा बरोबर उलटा आहे. 1994 च्या कायद्याप्रमाणे तिथे स्पष्ट होकार लागतो आणि कुटुंबाच्या सहीशिवाय काही होत नाही. त्या जगातून आलेल्या आईला 'तुमचा मुलगा काही बोलला नाही म्हणून आम्ही होकार धरला' हे वाक्य कसं ऐकू येईल?

या भीतीची उत्तरं आहेत. मृत्यू ठरवणारे डॉक्टर आणि प्रत्यारोपण करणारे डॉक्टर वेगळे असतात. शरीर ऑपरेशननंतर टाके घालून, झाकून, सन्मानाने परत दिलं जातं. बॉडी भारतात न्यायलाही अडचण येत नाही. पण ही उत्तरं त्या पहाटे पहिल्यांदा ऐकायची नसतात.

आता काकांकडे वळू. त्यांचा रक्तगट बी. भारतीय उपखंडातल्या लोकांत साधारण तिघांत एकाचा रक्तगट बी असतो. ब्रिटनमधल्या दात्यांमध्ये दहात एखाद्याचा. रक्तगटाशिवाय पेशींची खूणही जुळावी लागते, आणि ती आपल्यासारख्याच वंशाच्या माणसाशी जुळण्याची शक्यता जास्त. म्हणून आपल्या लोकांची वाट लांबते. आणि होकाराचं प्रमाण? गोऱ्या कुटुंबांत 65 टक्क्यांच्या आसपास, आशियाई, काळ्या आणि इतर अल्पसंख्याक कुटुंबांत 40 च्या आसपास. कायद्याने ही दरी बुजवली नाही. ती बुजवू शकेल असं त्यात काही नव्हतंच, कारण ही दरी पडली आहे विश्वासात आणि बोलण्यात.

व्यवस्थेने आपल्यासाठी प्रयत्न केले नाहीत असं मी म्हणणार नाही. रजिस्टरवर आता एक पर्याय आहे, की माझ्या श्रद्धेप्रमाणे सगळं कसं होईल याबद्दल माझ्या घरच्यांशी बोला. हिंदू आणि जैन समाजात काम करणारे गट आहेत, ते मंदिरांत जाऊन बोलतात. तिथे हमखास दधिची ऋषींची गोष्ट येते: देवांना वज्र करायला अस्थी हव्या होत्या, दधिचींनी देह ठेवला आणि अस्थी दिल्या. गोष्ट सुंदर आहे. पण ती सांगताना आपण एक तपशील गाळतो. देव दधिचींकडे गेले होते. त्यांनी विचारलं होतं. दधिची हो म्हणाले. आपल्या सगळ्यात जुन्या अवयवदानाच्या गोष्टीतही संमती गृहीत धरलेली नाही.

मग करायचं काय

सरकारला सांगण्यासारखं बरंच आहे. कायद्याच्या जाहिरातींपेक्षा स्पेशालिस्ट नर्सवर खर्च करा. आपल्या भाषा बोलणारी, आपल्या घरांत वाढलेली माणसं त्या कामात आणा. बारा महिन्यांच्या आतल्या लाखो विद्यार्थ्यांना युनिव्हर्सिटीच्या पहिल्या आठवड्यात, जीपीकडे नाव घालतानाच, हा प्रश्न सरळ विचारा. 'तुम्हाला नकोय का?' असा उलटा नको. 'तुम्हाला काय हवंय?' एवढाच.

पण त्याची वाट बघायची गरज नाही. नोंद करायला दोन मिनिटं लागतात, 'हो'ची असो की 'नाही'ची. घरच्यांशी पटणार नाही असं वाटत असेल, तर आपल्या वतीने निर्णय घ्यायला एखादी व्यक्ती नेमता येते, लेखी, साक्षीदारासमोर सही करून. मग तो फ्लॅटमेट यादीत तळाला राहत नाही.

आणि सगळ्यात अवघड काम. मी मागच्या रविवारी आईला फोनवर सांगितलं. आधी हवापाणी झालं, भाजीचे भाव झाले, मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मग मी म्हटलं, 'आई, एक सांगायचंय, मी अवयवदानाचा फॉर्म भरलाय.' ती म्हणाली, 'काहीतरी अभद्र बोलू नकोस, दिवेलागणीची वेळ आहे इथे.' मी म्हटलं, 'बरं, उद्या सकाळी बोलू.'

सकाळी तिनेच फोन केला. रागावलेली नव्हती. तिला तीन प्रश्न होते. तिसरा असा होता: 'ते मला विचारतील का?'

'हो,' मी म्हटलं, 'तुलाच विचारतील.'

'मग आधी सांगितलंस ते बरं केलंस.'